पौडच्या पुढचे पंक्चरचे दुकान आणि रद्द झालेली दिवेआगरची सफर

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाताना पौड मागे पडले की मुळशीच्या दिशेने रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराचे एक पंक्चरचे दुकान लागते. दुकानाला नाव नाही. पाटीवर ‘पंक्चर व हवा’ एवढेच लिहिलेले आहे. सायकलच्या बाबतीत मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली सेवा याच दुकानात मिळाली, आणि ज्या सफरीसाठी आम्ही पहाटे घराबाहेर पडलो होतो ती सफरही याच दुकानाच्या दारात रद्द झाली. हा अभिप्राय मुख्यतः या दुकानाविषयी आहे. परंतु निघण्यापूर्वी शहरातील एका मोठ्या शोरूममध्ये करून घेतलेल्या सर्व्हिसिंगविषयी लिहिल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही, कारण त्या दिवशी जे काम आम्ही आदल्या आठवड्यात पैसे देऊन करून घेतले होते, तेच या दुकानात उकलून पुन्हा करावे लागले.

बेत साधा होता. मी, माझे एक कार्यालयीन सहकारी आणि माझा भाचा असे आम्ही तिघे डिसेंबरातल्या एका शनिवारी कोथरूडहून निघून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी असे करत ताम्हिणी घाट उतरणार होतो. पुढे विळे आणि निजामपूरमार्गे माणगावला जेवण, मग म्हसळा आणि बोर्ली पंचतन ओलांडून संध्याकाळच्या आत दिवेआगर, असे सुमारे १६० किलोमीटरचे अंतर होते. दुसरा दिवस समुद्रावर घालवून तिसऱ्या दिवशी परतायचे होते. हा रस्ता ज्यांनी सायकलने केला आहे त्यांना ठाऊक असेल की यात खरी परीक्षा घाटाची नसते. घाट पुण्याकडून जाताना बव्हंशी उतारच आहे. दमछाक होते ती माणगावच्या पुढे, म्हसळ्याच्या चढउतारांवर, दुपारच्या दमट उन्हात. म्हणून माणगाव दुपारी बाराच्या आसपास गाठणे हे सगळ्या वेळापत्रकाचे मूळ होते.

तयारी म्हणून माझी आणि भाच्याची अशा दोन्ही सायकली आम्ही शोरूममध्ये दिल्या. दोन्हींची चाके ७०० मापाची आहेत, टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे आहेत आणि ब्रेक रिमवर पकडणारे आहेत. शोरूमने चाके सरळ केली, साखळी बदलली, चारही चाकांत नव्या ट्यूब आणि नव्या रिम टेप घातल्या, आणि त्याप्रमाणे बिल दिले. सहकाऱ्यांची डोंगरी सायकल ट्यूबलेस असल्यामुळे त्यांनी घरीच टायरांत ताजे सीलंट, म्हणजे बारीक भोके आतूनच बुजवणारे द्रव, भरले. प्रत्येक ट्यूबवाल्या सायकलीमागे एक सुटी ट्यूब, चिकटवण्याची ठिगळे, हातपंप आणि भाच्याकडे कार्बन डायऑक्साइडच्या १६ ग्रॅमच्या दोन नळ्या, एवढा सरंजाम बरोबर होता. दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वाराने जेवढे न्यायचे असते तेवढे सगळे आम्ही नेले होते.

चांदणी चौकाचा उतार संपून भूगाव येते न येते तोच माझे मागचे चाक बसले. टायर उतरवला, आतून बोटे फिरवली, विजेरीच्या उजेडात पाहिले. काही सापडले नाही. सुटी ट्यूब घातली आणि निघालो. पिरंगुट ओलांडल्यावर भाच्याचे पुढचे चाक एकाएकी रिकामे झाले. त्याने ट्यूब बदलून नळीने हवा भरली. त्यानंतर पौडच्या अलीकडे माझे मागचे चाक पुन्हा मऊ लागू लागले. हवा एकदम न जाता हळूहळू जात होती, त्यामुळे मी पंप मारत मारत पुढे सरकत राहिले. शेवटी थांबून ठिगळ लावले, ते काही किलोमीटर टिकले. पौड गेल्यावर भाच्याचे तेच पुढचे चाक दुसऱ्यांदा बसले. सुट्या ट्यूब संपल्या होत्या, ठिगळांवर भरवसा उरला नव्हता, आणि ज्या वेळी आम्ही मुळशीच्या तलावाकाठी चहा घेणार होतो त्या वेळी आम्ही सायकली हाताने ढकलत चाललो होतो. पौडच्या पुढे वस्ती विरळ होत जाते. अशा ठिकाणी हे दुकान नुकतेच उघडत होते.

दुकानाचे मालक साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत. त्यांचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मालमोटारी, टेम्पो आणि मोटारसायकली. बाहेर ट्रकच्या टायरांची चळत, आत कॉम्प्रेसर, एका कोपऱ्यात गरम पंक्चरचा शिकंजा आणि पाण्याने भरलेले घमेले, अशी कुठल्याही हमरस्त्यावर दिसणारी मांडणी आहे. आमच्या अरुंद टायरांकडे पाहून ते नकार देतील अशी मला धास्ती होती. मी ट्यूब काढून पुढे केली आणि ठिगळ लावून द्या म्हटले, तर ती बाजूला ठेवून ते म्हणाले, “ताई, ट्यूब नंतर. आधी टायर बघू द्या. आणि सकाळी काढलेली ट्यूब टाकली का ठेवलीय?”

सकाळची निकामी ट्यूब माझ्या पिशवीत होती. त्यांनी ती आणि नंतरची अशा दोन्ही ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवल्या, बुडबुडे आले तिथे बॉलपेनाने खुणा केल्या, आणि मग दोन्ही ट्यूब शेजारी शेजारी धरून व्हॉल्व्हपासून खुणेपर्यंतचे अंतर वितीने मोजले. ते जवळजवळ तंतोतंत सारखे निघाले. दोन वेगवेगळ्या ट्यूबना, दोन वेगवेगळ्या गावांच्या हद्दीत, व्हॉल्व्हपासून सारख्याच अंतरावर भोक पडते याचा अर्थ भोक पाडणारी वस्तू रस्त्यावर मागे राहिलेली नसून टायरमध्ये बसून आपल्याबरोबर प्रवास करते आहे. ट्यूब टायरमध्ये कुठल्या बाजूने बसली होती हे आता सांगता येत नसल्यामुळे त्यांनी तेवढेच अंतर टायरवर व्हॉल्व्हच्या जागेपासून दोन्ही दिशांना मोजले आणि खडूने दोन खुणा केल्या. मग टायर उलटा करून, खुणेच्या जागी तो बाहेरच्या बाजूला वाकवून, आतल्या अंगावरून कापसाचा बोळा फिरवला. दुसऱ्या खुणेवर कापसाचे तंतू अडकले. चिमट्याने त्यांनी जे ओढून काढले ती केसाहून थोडी जाड अशी पोलादी तार होती, जेमतेम नखाच्या रुंदीएवढी.

ही तार कुठून येते हे समजून घेण्यासारखे आहे. मालमोटारींच्या रेडियल टायरमध्ये रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फुटला किंवा त्याच्यावर नव्याने चढवलेला थर सोलून निघाला की त्या तारांचे बारीक तुकडे रस्त्यावर विखुरतात आणि वाहनांच्या वाऱ्याने कडेला, म्हणजे नेमके सायकलस्वार जिथून जातात तिथे, साचतात. या रस्त्यावर पिरंगुटच्या कारखान्यांची वाहतूक आहे आणि घाटाखालच्या विळे-भागाड औद्योगिक क्षेत्राकडे जाणारे अवजड ट्रेलरही आहेत. तार इतकी बारीक असते की ती टायरमध्ये शिरली तरी लगेच काही होत नाही. चाकावर वजन आले की ती ट्यूबला टोचते आणि वजन हटले की रबर तिला पुन्हा आत ओढून घेते. त्यामुळे हवा हळू जाते, आणि सैल पडलेल्या टायरवरून बोटे फिरवली तरी हाताला काही लागत नाही. टायर उलटा करून वाकवला तरच तिचे टोक वर येते. मी अनेक वर्षे सायकल चालवते आणि स्वतःची पंक्चर स्वतः काढते. पण वाकवून कापूस फिरवण्याची ही रीत मला कुठल्याही दुकानात कुणी दाखवली नव्हती.

भाच्याच्या चाकाचा प्रकार वेगळा होता, आणि माझ्या मते दुकानदारांचे खरे कौशल्य तिथे दिसले. त्याच्या दोन्ही ट्यूबवरची भोके व्हॉल्व्हपासून वेगवेगळ्या अंतरांवर होती, पण दोन्ही ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे नव्हे तर रिमकडे होती. हे पाहताच त्यांनी टायरला हातही लावला नाही. रिमवरची टेप नखाने सरकवली. दुहेरी भिंतीच्या रिमला आतल्या बाजूने आऱ्यांची भोके उघडी असतात आणि ट्यूबला त्यांच्या कडा लागू नयेत म्हणून वर टेप असते. शोरूमने घातलेली नवी टेप रिमच्या खोबणीपेक्षा स्पष्ट दिसण्याइतकी अरुंद होती. ती एका कडेला सरकून काही भोके अर्धी उघडी पडली होती. चाकात ७०-८० पौंड दाब भरला की ट्यूब त्या भोकात फुगून शिरते आणि धारेवर घासून फाटते. म्हणजे भाच्याची सायकल रस्त्यावरच्या कुठल्याही काट्यामुळे वा काचेमुळे बंद पडली नव्हती. ती सर्व्हिसिंगमुळे बंद पडली होती, आणि त्या चाकात आम्ही कितीही नव्या ट्यूब घातल्या असत्या तरी पुढच्या काही किलोमीटरांत त्यांचे तेच झाले असते.

त्यांनी जुनी टेप काढून टाकली, रिम कोरड्या फडक्याने पुसली आणि रुंद कापडी चिकटपट्टीचे दोन थर कडेपासून कडेपर्यंत ताणून बसवले. विजेच्या कामाची काळी टेप शेजारीच होती, ती का वापरत नाही असे मी विचारले. रिमवर ब्रेक लागून ती तापली की त्या टेपचा चीक पातळ होतो आणि टेप सरकते, असे त्यांनी सांगितले. मोटारसायकलींवर हयात घालवलेल्या माणसाने सायकलच्या रिम ब्रेकचा एवढा विचार करावा याचे मला अप्रूप वाटले. पूर्वी या भागात सगळेच सायकली वापरत, त्या काळापासून आपण हे काम करत आलो आहोत, असे ते म्हणाले. आता मोटारसायकली ट्यूबलेस झाल्या, त्यात चिकट दोरी ठासली की काम संपते, त्यामुळे हाताखाली येणाऱ्या मुलांना ट्यूब घासायला शिकवण्याची वेळच येत नाही, अशी त्यांची खंत आहे. ती खरी आहे. ट्यूबचे पंक्चर नीट काढता येणारे हात रस्त्यांवरून कमी होत चालले आहेत आणि सायकलस्वारांना त्याची झळ सर्वांत आधी लागणार आहे.

ठिगळाच्या कामाविषयी थोडी तक्रारही नोंदवते. ट्यूब घासण्यासाठी त्यांच्याकडे जी कानस आहे ती मोटारसायकलच्या जाड ट्यूबसाठी ठीक आहे. आमच्या ट्यूबचे रबर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे असते आणि अशा कानशीने ते जागोजागी पातळ होऊ शकते. मी माझ्या पिशवीतला पॉलिश पेपर पुढे केला. त्यांनी तो विनातक्रार घेतला आणि पुढची सगळी घासणी त्यानेच केली. त्यानंतरचे काम मात्र निर्दोष होते. सोल्युशन ठिगळाच्या आकाराहून थोडे जास्त पसरवून, त्याची चकाकी जाऊन ते सुके दिसेपर्यंत थांबायचे आणि मगच ठिगळ दाबायचे, हा नियम घाईच्या गिऱ्हाइकासमोर पाळणारा माणूस विरळा. ओल्या सोल्युशनवर ठिगळ दाबले की ते तात्पुरते धरते आणि चढावर सुटते. माझ्या टायरला तारेने पडलेल्या भोकावर त्यांनी आतून जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा चिकटवला, आणि तो टायरच्या आत उंचवटा करणार नाही याची खात्री बोटाने करून घेतली. राहिलेले सगळे टायरही त्यांनी न सांगता कापसाने तपासले.

हवा भरणे ही या दुकानाची दुबळी बाजू आहे. कॉम्प्रेसरचे तोंड जाड व्हॉल्व्हसाठी आहे. सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर लावायचा पितळी जोड त्यांच्याकडे आहे, परंतु त्याचे आटे झिजले आहेत आणि त्यातून हवा निसटते. दाब दाखवणारा काटा ट्रकच्या मापाचा असल्यामुळे ७० आणि ९० पौंडांतला फरक त्यावर विश्वासाने वाचता येत नाही. अंदाजाने भरलेली हवा अरुंद टायरला धोक्याची असते: कमी भरली तर खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, जास्त भरली तर टायर रिमवरून उडू शकतो. आम्ही शेवटचा दाब आमच्या पंपाने मोजून भरला. भाच्याच्या चाकात आधी नळीतला कार्बन डायऑक्साइड होता. हा वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा फार लवकर झिरपतो, तेव्हा अशा ट्यूबमध्ये घरी पोहोचल्यावर साधी हवा भरून घेणे इष्ट असते. त्याची गरज मात्र आम्हाला पडली नाही.

या सगळ्यात सकाळचे अकरा वाजून गेले होते. दोन्ही सायकली चालण्याच्या स्थितीत होत्या, ऊन अजून सोसण्यासारखे होते, आणि भाच्याला निघायची घाई झाली होती. त्याने विचारले, “काका, आता घाट उतरून जाऊ ना?” त्यांनी चाक हाताने फिरवून पाहिले आणि म्हणाले, “पट्टी आजच बसवलीय. पुण्यापर्यंत जा, काही होणार नाही. घाट उतरा असं मी नाही सांगणार. खाली विळ्यापर्यंत सायकलचं सामान ठेवणारा कुणी नाही.”

पैसे घेऊन झाल्यावर गिऱ्हाइकाला हवे ते उत्तर देणे सोपे असते. त्यांनी आपल्याच कामाची मर्यादा सांगितली, आणि माझ्या लेखी त्यांच्या सेवेचा हा भाग ठिगळांहून मोलाचा आहे. सुटी ट्यूब एकही उरली नव्हती. घाटाच्या लांब उतारावर रिम तापणार होती. माणगावला पोहोचायला दुपारचे तीन-चार वाजले असते. आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळत असल्यामुळे म्हसळ्याच्या पुढचा अरुंद वळणांचा रस्ता अंधारात करावा लागला असता. सहकारी पुढे जाऊ शकत होते. त्यांच्या टायरला दिवसभरात काही झाले नव्हते. घरी गेल्यावर त्यांना टायरवर सीलंटचे वाळलेले ठिपके दिसले, म्हणजे टोचले त्यांनाही असावे, पण ते तिथल्या तिथे बुजले. तरीही त्यांनी एकट्याने जाण्यास नकार दिला. आम्ही दिवेआगरच्या घरगुती मुक्कामाच्या यजमानांना फोन करून येत नसल्याचे कळवले आणि मुळशीच्या तलावापर्यंतही न जाता माघारी फिरलो. परतीच्या वाटेवर एकाही चाकातील हवा कमी झाली नाही. त्यांनी लावलेली ठिगळे मी अजून बदललेली नाहीत.

सोमवारी मी अरुंद टेप आणि फाटलेल्या ट्यूब घेऊन शोरूममध्ये गेले. त्यांनी सौजन्याने बोलून नव्या ट्यूब मोफत देऊ केल्या, परंतु पंक्चर हा नशिबाचा भाग आहे असे सांगितले. हे मला मान्य नाही. टेप रिमवर ठेवून रुंदी पाहायला अर्धे मिनिट पुरते. माझा आक्षेप चूक झाली यावर जेवढा आहे त्याहून अधिक त्यानंतरच्या उत्तरावर आहे: ट्यूब फाटली की ट्यूब बदलायची, आणि ती का फाटली हे पाहायचे नाही, अशी जर मोठ्या शोरूमची कामाची पद्धत असेल, तर तिथे घेतलेले पैसे सुट्या भागांचे आहेत, दुरुस्तीचे नाहीत. मी आग्रह धरल्यावर तिथल्या एका तरुण मेकॅनिकने रिमची खोबण मापून योग्य रुंदीच्या टेप दोन्ही सायकलींना बसवल्या, आणि ते काम मात्र त्याने मन लावून केले हेही नमूद करते.

पौडच्या दुकानाचे दर सांगायचे तर त्यांनी ठिगळामागे चाळीस रुपये आणि कापडी पट्टीचे साठ रुपये घेतले. टायर तपासण्याचे, तार शोधण्याचे आणि दोन तास आमच्यामागे घालवण्याचे काहीच घेतले नाही. हा हिशेब मला चुकीचा वाटतो आणि मी तसे त्यांना म्हटलेही. तेव्हा तिथे जाणाऱ्यांनी शोधकामाचे वेगळे पैसे आपणहून द्यावेत. पैसे मोबाइलवरून देता येतात. दुकान साडेआठच्या सुमारास उघडते, ही सायकलस्वारांसाठी अडचण आहे, कारण आपण साधारणपणे तिथून सहा-सात वाजताच जातो. बसायला एक बाकडे आहे, सावली पुरेशी आहे, पण स्वच्छतागृह नाही. महिलांनी पौडलाच ती सोय पाहून घ्यावी.

तिथे ७०० मापाच्या ट्यूब मिळत नाहीत. सायकलवाले शनिवार-रविवारी एवढे जातात तर चार ट्यूब ठेवत का नाही, असे मी विचारले तेव्हा, त्या पुण्यातून आणायला कोण जाणार, असा त्यांचा साधा प्रश्न होता. जानेवारीत दिवेआगरचा बेत पुन्हा ठरला आहे. जाताना बारीक व्हॉल्व्हच्या चार ट्यूब आणि एक नवा पितळी जोड त्यांच्याकडे पोहोचवायचे मी कबूल केले आहे, आणि त्या विकायला ठेवण्यास त्यांनी होकार दिला आहे.